पाय पसरायची जागा

विमानात शिरल्यावर पहिली काही मिनिटं माणसाची मान वरच असते. डोक्यावरचे आकडे वाचत, पुढच्याच्या सॅकचे धक्के खात आपण सरकत असतो. जे आधीच बसलेत ते खालून आपल्याकडे बघत असतात, हा आता आपल्या शेजारी येऊन टेकतो की काय अशा काळजीने. पुण्याहून दिल्लीला जाणाऱ्या पहाटेच्या विमानात मीही अशीच सरकत होते. माझी सीट आली, मी बसले, आणि मागून आवाज आला, "ऐसपैस हाय की!" कुणाला उद्देशून नव्हतं ते. माझ्यामागे दोन ओळी सोडून, पंखावरच्या दाराच्या ओळीत, कडेच्या सीटवर एक आजोबा बसले होते. पांढरा सदरा, पायजमा, मांडीवर काढून ठेवलेली टोपी, पायांत बहुधा या प्रवासासाठीच घेतलेले पांढरे कापडी बूट. दोन्ही पाय त्यांनी सरळ समोर सोडले होते आणि तरीही ते पुढच्या सीटला लागत नव्हते. सदऱ्याच्या खिशातून बोर्डिंग पासची प्रिंट डोकावत होती, चार घड्या घातलेली. मुलाने दिल्लीहून व्हॉट्सॲपवर पाठवलेली आणि गावात कुणाकडून तरी काढून घेतलेली, हे नंतर कळलं.

मग हवाई सुंदरीचं काम करणारी मुलगी आली. आपत्कालीन दाराच्या ओळीत बसणाऱ्यांना सांगायचं असतं ते सगळं तिने इंग्रजीत सांगितलं. खिडकीजवळच्या आणि मधल्या प्रवाशाने कानातलं न काढता माना हलवल्या. आजोबांनीही हलवली. तिला शंका आली असावी. तिने हिंदीत विचारलं, "अंकलजी, आपकी उम्र?" आजोबा ताठ झाले. "अठ्ठ्याहत्तर!" म्हणाले. चारचौघांत वय सांगितल्यावर लोक कौतुकाने 'वाटत नाही हो' म्हणतात, त्याची सवय असलेला आवाज होता तो. आणि त्याच उत्तराने त्यांची सीट गेली.

"पैसं भरल्यात की पोरानं. ह्या शीटचं येगळं." ते माझ्याकडे बघत म्हणाले, कारण एव्हाना मी मागे वळून बघत होते आणि मराठी चेहरा ओळखू येतोच. मी मध्ये पडले. "बाबा, ही दाराजवळची जागा आहे. काही झालं तर इथल्या माणसाला दार उघडून लोकांना बाहेर पडायला मदत करावी लागते." "मंग?" आजोबा म्हणाले. "मला दार उघडाया येत न्हाय व्हय? गोठ्याचं दार कोण उघडतंय रोज?" मला हसू आलं. त्या मुलीला शब्द कळले नाहीत, तीही हसली, पण जागची हलली नाही. कुणीतरी अदलाबदल करायला हवी होती. माझी सीट कडेचीच, एकटी प्रवास करणारी, सामान नाही, दोन्ही भाषा येतात. मॅडम, तुम्ही याल का? मी उठले.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं. माझी उंची पाच फुटांना एक इंच कमी. साध्या सीटवरही माझे गुडघे समोर कशाला टेकत नाहीत. उलट पाय जमिनीला नीट टेकत नाहीत ही माझी तक्रार, म्हणून एरवी पर्स पायाखाली घेऊन बसते. दाराच्या ओळीत तीही सोय नाही, पर्ससुद्धा वरच्या कप्प्यात टाकावी लागते. अशा रीतीने त्या अख्ख्या विमानातली बहुधा सगळ्यात आखूड माणूस असलेली मी सगळ्यात प्रशस्त जागेत पाय लोंबकळत बसले, आणि सांधे झिजलेले आजोबा माझ्या जागी गेले.

तिथून ते मला पाठमोरे दिसत होते. उजवा गुडघा वाकत नव्हता त्यांचा. तो पाय त्यांनी कडेला, दोन रांगांमधल्या वाटेत काढला. मग खाण्याची गाडी आली. "एक्स्क्यूज मी, सर." आजोबांनी दोन्ही हातांची बोटं गुडघ्याखाली गुंफली, पाय उचलला आणि वाहून आणल्यासारखा आत घेतला. गाडी गेली. पाय पुन्हा बाहेर. मग कचऱ्याची पिशवी घेऊन कुणी आलं. पुन्हा बोटं गुंफली, पुन्हा आत. मग मागच्या लोकांची स्वच्छतागृहाकडे ये-जा सुरू झाली. दरवेळी ते वर बघून काहीतरी बोलत, बहुधा माफी मागत असावेत. कुणाच्या कानात इयरफोन, कुणाच्या चेहऱ्यावर झोप. दिल्ली येईपर्यंत हेच चाललं होतं.

यात चूक कुणाची, हे मी तेव्हापासून शोधते आहे आणि मला कुणी सापडत नाही, म्हणूनच ते टोचत राहिलंय. त्या मुलीने नियम पाळला. तो नियम बरोबरच आहे, दार उघडायची वेळ आली तर अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी आखडलेल्या गुडघ्याचा माणूस तिथे असू नये हे कुणालाही पटेल. मुलाने तर कौतुक वाटावं असं केलं, बापाच्या पायांसाठी वेगळे पैसे मोजले. बुकिंग करताना समोर एक चौकोन आला असणार, 'प्रवासी या सीटच्या अटी पूर्ण करतो' असा, आणि त्याने टिक केलं असणार. आपण सगळेच करतो. टिक करून पुढे गेल्याशिवाय पैसे भरायचं पान येतच नाही.

पण एक गोष्ट त्या दोन तासांत माझ्या नीट लक्षात आली. समोरच्या खिशातलं सुरक्षेच्या सूचनांचं ते प्लॅस्टिकचं कार्ड आयुष्यात पहिल्यांदा वाचलं मी. करायला दुसरं काही नव्हतं आणि दाराची जबाबदारी अंगावर होती. त्या ओळीतली मोकळी जागा पायांसाठी ठेवलेलीच नाही. ती पळण्यासाठी ठेवलेली आहे. विमानाच्या नव्या मॉडेलला परवानगी मिळवताना निर्मात्याला दाखवून द्यावं लागतं की निम्मी दारं बंद असतानाही खच्चून भरलेलं विमान ९० सेकंदांत रिकामं होतं. त्या ९० सेकंदांसाठी दारापर्यंत वाट हवी, म्हणून तिथल्या सीटा लांब. कायद्याने सोडायला लावलेली ही वाट नंतर कंपन्यांच्या लक्षात आली आणि त्यांनी ती 'एक्स्ट्रा लेगरूम' म्हणून विकायला काढली. म्हणजे विमानातली सगळ्यात मोकळी जागा गुडघ्यांच्या नावाने विकतात, आणि ज्याचे गुडघे खरोखर गेलेत, त्यालाच ती घेता येत नाही. म्हातारे, गरोदर बाया, काठीवाले, तान्ही मुलं घेतलेले, सगळे वजा. उरतात ते तरणे, तगडे, धडधाकट. पाय पसरायला मिळाले तर त्यांनाही बरंच वाटतं, माझं काही म्हणणं नाही. पण त्यांना नाही मिळाले तर दोन तासांनी ते उठून चालायला लागतात.

बाकीच्या विमानात इंच कसे मोजतात तेही एकदा समजून घेतलं. माझा भाचा विमानांच्या देखभालीत आहे, त्याने सांगितलं. विमानाच्या सीटा जमिनीत रोवलेल्या नसतात. जमिनीवर लांबलचक रूळ असतात, त्यांत त्या अडकवतात आणि स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्यांसारख्या मागेपुढे सरकवून हव्या तिथे घट्ट करतात. एका सीटच्या एका बिंदूपासून पुढच्या सीटच्या त्याच बिंदूपर्यंतचं अंतर म्हणजे पिच. स्वस्त विमानांत ते २८ ते ३० इंच असतं. त्यात पाठीची जाडी येते, गादी येते, आपल्या मांड्या येतात, उरतं ते आपलं. "मावशी, साधं गणित आहे," भाचा म्हणाला. "तीस ओळी असतील आणि प्रत्येक ओळीतून एक इंच काढला तर तीस इंच झाले. म्हणजे एक आख्खी ओळ. सहा तिकिटं." एअरबस ए३२० हे एकच विमान कुणी पुढे बिझनेस क्लास टाकून दीडशे माणसांचं करतं, कुणी एकशेऐंशीचं, आणि मागची स्वयंपाकाची जागा नि स्वच्छतागृहं आवळून कुणी १८६ चं. पत्रा तोच, लांबी तीच. मागे रेलायची कळही बऱ्याच सीटांवर आता नसतेच. एका परीने बरं. २०१४ साली अमेरिकेत एकाने पुढची सीट मागे येऊ नये म्हणून तिला प्लॅस्टिकची पाचर मारली होती. पुढच्या बाईने पाण्याचा पेला त्याच्या अंगावर ओतला आणि डेन्व्हरला निघालेलं विमान शिकागोला उतरवायला लागलं. इंचांवरून भाऊबंदकी फक्त आपल्याकडेच होते असं नाही.

सहा तिकिटांचं ते गणित ऐकून मला राग यायला हवा होता. आला नाही.

कारण जागेची मारामारी मी आधी पाहिली आहे आणि ती काही फार सुंदर नव्हती. दिवाळीच्या आदल्या दिवशीचं स्वारगेट आठवा. कऱ्हाडची गाडी फलाटाला लागायच्या आतच माणसं तिच्याबरोबर पळायला लागत. आमच्या घरात माझा धाकटा काका या कामाचा. शिडशिडीत होता. गाडी पुरती थांबायच्या आत तो खिडकीच्या गजांना लोंबकळून आत रुमाल, टोपी, पिशवी, जे हातात असेल ते टाकायचा. रुमाल पडला की सीट आपली. यावर महाराष्ट्रात कुठे लिखित कायदा नसेल, पण त्याला मान होता. कधीकधी दोन रुमाल एकाच बाकावर पडत, मग आवाज चढत. अशा वेळी कंडक्टर न्यायाधीश. "ओ पाव्हणं, उठा, बाईंच्या कडंवर पोर हाय." तो कुणाला उठवेल, कुणाला बसवेल, त्याला पुरावा लागत नसे. बघून कळायचं त्याला. आजोबा त्या गाडीत असते तर पुढच्या दाराजवळचं एकटं बाक त्यांना मिळालं असतं आणि वर कंडक्टरने गावाची विचारपूस केली असती.

हे लिहिताना गोड वाटतं. पण ज्यांच्याकडे शिडशिडीत काका नव्हता त्यांचं काय व्हायचं तेही मी बघितलंय. एकटी बाई, दोन पोरं, एक ट्रंक. ती साताऱ्यापर्यंत उभी. कंडक्टरची नजर गर्दीतून तिच्यापर्यंत पोचलीच तर ठीक. रुमाल हा दांडग्यांचा कायदा होता. शिवाय लाल गाडीतल्या तीन-दोन बाकांवर तिसऱ्याची अर्धी मांडी कायम वाटेत, आणि सगळ्यात वाईट ती चाकावरची सीट. खाली चाकाचा पत्रा वर आलेला असतो, त्यावर पाय ठेवले की गुडघे हनुवटीला लागतात. माझे वडील सहा फुटी. चाकावरची सीट आली की ते ती मला देत आणि स्वतः उभे राहत. लहानपणी मला वाटायचं की वडिलांना उभं राहायला आवडतं. १९८२ च्या एशियाडनंतर त्या खेळांसाठी आणलेल्या गाड्या एसटीकडे आल्या, दोन-दोन सीटा, मऊ पाठ, आणि पुणे-दादर मार्गावर वडील पहिल्यांदा पूर्ण प्रवास बसून करायला लागले. तिकीट जास्त होतं. आईने त्यावर दोन दिवस ऐकवलं. वडील म्हणाले, "पायांचे पैसे भरले."

तेव्हा पायांचे पैसे भरायची पद्धत काही विमान कंपन्यांनी शोधलेली नाही. आमच्याकडे ती आधीपासून होती.

स्वस्त विमानाने सुरुवातीला तर रुमालाचीच पद्धत आणली होती. २००३ साली कॅप्टन गोपीनाथांचं एअर डेक्कन सुरू झालं, पुढे एक रुपयाच्या तिकिटांची ती गंमत झाली, आणि त्या विमानात सीट नंबर नव्हते. बसने विमानापाशी नेऊन सोडायचे आणि मग इस्त्रीचे शर्ट घातलेली माणसं शिडीकडे पळत सुटायची. स्वारगेटला तयार झालेल्या पिढीला यात शिकण्यासारखं काही नव्हतं. आमच्या ओळखीतल्या एका बाईंनी खिडकीची सीट पकडून शेजारच्या दोन सीटांवर पर्स आणि साडीचा पदर असे दोन्ही ठेवले होते, नवरा आणि सासू मागून येत होते म्हणून. हवाई सुंदरीने काय करावं? तिने बघितलं न बघितल्यासारखं केलं. अमेरिकेतल्या साउथवेस्टने हीच 'जो येईल तो बसेल' पद्धत कित्येक दशकं चालवली आणि २०२६ च्या जानेवारीत तीही बंद केली. सीटवर नंबर आला की त्याला भाव लावता येतो. रुमालाला कसा लावणार?

आता तो भाव आपण घरी, रात्री जेवण झाल्यावर, मोबाइलवर बघतो. वरून काढलेला विमानाचा नकाशा, त्यात हिरवे, निळे, जांभळे चौकोन. पुढच्या ओळी महाग, दाराजवळच्या त्याहून महाग, खिडकी आणि कड थोडी कमी, आणि सगळ्यात स्वस्त शेवटच्या ओळींतली मधली सीट, तीही फुकट असेलच असं नाही. खाली ठसठशीत बटण, सीट निवडा. आणि त्याच्याखाली फिकट राखाडी अक्षरांत, डोळे बारीक करून शोधावं लागेल असं, निवड न करता पुढे जा. ते शोधून दाबलं की पडद्यावर प्रेमळ प्रश्न येतो, कुटुंबापासून लांब बसावं लागू शकतं, चालेल? आई दुसऱ्या ओळीत, बाळ विसाव्या ओळीत असं चित्र डोळ्यांपुढे आणून दोन-तीनशे रुपये काढून घ्यायचा हा प्रकार इतका सर्रास झाला की शेवटी डीजीसीएला, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्यालाच, फर्मान काढावं लागलं. एप्रिल २०२४ मध्ये त्यांनी कंपन्यांना बजावलं की १२ वर्षांखालच्या मुलाला एकाच पीएनआरवरच्या, म्हणजे एकाच बुकिंगमधल्या, आई-वडिलांपैकी किंवा पालकांपैकी निदान एकाच्या शेजारी जागा द्या. मुलाला आईजवळ बसवा, हे परिपत्रक काढून सांगायला लागलं. एसटीतल्या कंडक्टरने हे वाचलं असतं तर तिकिटाचा चिमटा वाजवत तो नुसताच हसला असता.

आमच्या घरी या नकाशापुढे वेगळंच नाटक होतं. आमचे हे इंजिनिअर, निवृत्त, सदाशिव पेठेत जन्मलेले. "दोन तासांसाठी चारशे रुपये? कुणाशेजारी बसायचंय तुला? माझ्या? ते घरी बसतेसच की." त्यांनी स्वतःची एक पद्धत काढली आहे. वेब चेक-इन दोन दिवस आधी उघडतं, तेव्हा लगेच करायचं नाही. स्वस्तातल्या, मधल्या, मागच्या सीटा भरू द्यायच्या. अगदी शेवटी गेलं की उरलेली पुढची चांगली सीट यंत्राला फुकट द्यावीच लागते, असा त्यांचा सिद्धांत. कधी तो खरा ठरतो, मग आठवडाभर सोसायटीच्या कट्ट्यावर त्याची चर्चा. नाही ठरला की मधल्या सीटवर, दोन्ही बाजूंनी कोपरं खात, "एवढंच तर आहे दोन तास" म्हणत बसतात. मी खरं सांगू का, मला आमच्या दोन सीटा वेगवेगळ्या आल्या की बरं वाटतं. कुणी खिडकीबाहेर बोट दाखवून हे कुठलं धरण असेल असं विचारत नाही.

पण आजोबांच्या प्रसंगानंतर मी या नकाशाकडे वेगळ्या नजरेने बघते. त्यात वय कुठेच नाही. पैसे आहेत, उंची आहे, घाई आहे, म्हणजे लवकर उतरायचं असेल तर पुढची ओळ. गुडघा नाही. दर दहा मिनिटांनी उठावं लागणारा माणूस नाही. अमेरिकेत हा प्रश्न कोर्टात गेला होता. २०१७ साली वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने आकसत चाललेल्या सीटांचा विचार करा असं तिथल्या हवाई प्रशासनाला सांगितलं, २०१८ च्या कायद्याने सीटची किमान मापं ठरवा म्हटलं. मग ओक्लाहोमा सिटीत चाचण्या घेतल्या. सातशेहून जास्त माणसं आणली, वेगवेगळ्या अंतरावरच्या सीटांवर बसवली, विमान रिकामं करायला लावलं. निष्कर्ष निघाला की कमी अंतराने बाहेर पडायला अडथळा होत नाही. त्यातली मेख अशी की भाग घेणारे सगळे धडधाकट होते आणि साठच्या आतले होते. साठीच्या पुढच्यांना इजा होईल म्हणून घेतलंच नव्हतं. कारण समजतं. पण मग ते अंतर कुणासाठी पुरेसं ठरलं? आमचे आजोबा दाराशी बसायला म्हातारे, आणि त्या चाचणीत धरायलाही म्हातारे. तिकिटाच्या रकमेत मात्र त्यांना कुणी वगळलं नाही.

रेल्वेत एकदा असंच घडलं होतं. २००७ च्या सुमारास स्लीपरच्या डब्यात साइडच्या दोन बर्थच्या मध्ये तिसरा बर्थ ठोकला. हिशोब तोच, पत्रा तेवढाच, माणसं जास्त. त्या बर्थवर बसताही येत नसे आणि नीट वळताही येत नसे, खालच्याची खिडकी जायची ती वेगळीच. झेलम एक्स्प्रेसने दिल्लीला जाताना त्या मधल्या कप्प्यात अंगाचं मुटकुळं करून पडलेला एक फौजी मला आठवतो, त्याचे पाय पॅसेजमध्ये इतके बाहेर होते की चहावाला प्रत्येक फेरीत "भैया, पैर" म्हणायचा. लोकांनी बोंब मारली. स्टेशन मास्तरापासून खासदारापर्यंत मारली. दोनेक वर्षांत तो बर्थ निघाला. विमानात बोंब मारत नाही कुणी. विमानात आपण जरा सभ्य होतो, आवाज खाली येतो, आणि तक्रार करायची म्हटलं तर समोर ती बिचारी बावीस वर्षांची मुलगी असते, जिच्या हातात काहीच नसतं.

मला विचाराल तर फार मोठं काही नको आहे. पहिल्या ओळीच्या पुढे भिंत असते, दार उघडायची जबाबदारी नसते, पाय सोडायला बरी जागा असते. ती ओळही महाग विकतात. त्यातल्या दोन सीटा उड्डाणाच्या दिवसापर्यंत अडवून ठेवाव्यात आणि काउंटरवरच्या किंवा दाराशी उभ्या असलेल्या माणसाला सांगावं, बघून दे. अर्ज नको, सर्टिफिकेट नको. लंगडत येणारा माणूस शंभर पावलांवरून कळतो. कोणी म्हणेल, लोक मुद्दाम लंगडतील. लंगडतील थोडे. व्हीलचेअरच्या बाबतीत तसं होतंच, इंग्रजी न येणारे आई-वडील विमानतळावर चुकू नयेत म्हणून मुलं त्यांना व्हीलचेअर बुक करून देतात, आणि लोहगावच्या नव्या टर्मिनलमधून खुर्चीत बसून आलेल्या आज्या गेटपाशी टुणकन उठून वडापाव आणायला जातात. जाऊ देत की.

दिल्लीला उतरताना आजोबा वाटेत उभे राहून हात वर करत होते, पिशवी काढायला. मी मागूनच सांगितलं, थांबा, गर्दी जाऊ द्या. ते म्हणाले, "ताई, तुमची जागा लई आवघडलेली हाय बरं का." मी म्हटलं, तुमची फार मोठी होती, माझे पाय लोंबत होते. मग ते हसले आणि म्हणाले की पोराला सांगणार नाहीत, त्याला वाईट वाटेल. पैसे परत मिळतात का ते मी त्या मुलीला विचारलं होतं. तिने कस्टमर केअरचा पत्ता सांगितला. आजोबांना मी तो सांगितला नाही. मुलाला काही सांगायचंच नव्हतं, तर पत्त्याचं करणार काय?

परवा भावाचा बंगळुरूहून फोन आला. आईला तिकडे न्यायचं आहे, ब्याऐंशी पूर्ण झालीत तिला, दोन्ही गुडघ्यांवर शस्त्रक्रिया झालेल्या आहेत. नकाशा उघडून बसला होता तो. मी त्याला सगळं ऐकवलं, दाराची ओळ घेऊ नकोस, पहिली ओळ बघ, ती नसेल तर पुढची कडेची, उठायला बरी पडते, स्वच्छतागृह जवळ. तो म्हणाला, थांब, तिलाच विचारू. तिघांचा कॉल लावला.

"कडेची कशाला?" आई म्हणाली. "येणारे-जाणारे सगळे आपटतात. खिडकी घे."

"आई, पाय अवघडतील."

"पाय घरीही अवघडतात. आणि पंखाजवळची नको घेऊस. मागच्या वेळी तेवढा पंखच दिसत होता सगळीकडे."

भाऊ नकाशा सरकवत होता, ते ऐकू येत होतं. "म्हणजे विसाच्या मागे जावं लागेल. साडेतीनशे पडतात तिथे खिडकीला."

"घे," आई म्हणाली. "आणि डाव्या बाजूची बघ रे, सकाळचं ऊन कुठून येतं ते विचारून."